घराची परीक्षा: स्वीडनमधली घरगुती धर्मशिकवण आणि बाप्तिस्म्याचे चार प्रश्न

अठराव्या शतकातल्या स्वीडनमधल्या एखाद्या खेड्याची परीक्षा-वही, म्हणजे घराघराच्या धर्मज्ञानाची पाळकाने (चर्चच्या धर्मगुरूने) ठेवलेली नोंद, उघडली की पानाच्या डाव्या कडेला आधी वाडीचं नाव दिसतं. त्याखाली घरधनी, मग त्याची बायको, मग वयाच्या क्रमाने मुलं, त्यांच्यानंतर शेतगडी, मोलकरीण आणि शेवटी आश्रयाला राहिलेलं कुणी म्हातारं माणूस. प्रत्येक नावापुढे जन्मसाल आणि मग उभे रकाने. पुस्तकातून वाचता येतं का? ल्यूथरची (सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक) प्रश्नोत्तरं पाठ आहेत का? त्यांचं स्पष्टीकरण पाठ आहे का? नंतरच्या काळातल्या वह्यांत आणखी एक रकाना असतो: समजतं का? शेरे बहुधा खुणांत. कुठे एकेक रेघ वाढवत नेलेली, कुठे ठिपके, कुठे फुल्या. खुणांची पद्धत जागोजागी वेगळी, त्यामुळे एका गावची वही वाचायला सरावलेला अभ्यासक शेजारच्या गावच्या वहीपुढे अडू शकतो.

मला या पानावर खुणांपेक्षा नावांची यादी जास्त बोलकी वाटते. मुलांसाठी वेगळं पान नाही. दहा वर्षांची मुलगी ज्या रकान्यांतून जाते त्यांतूनच तिचा बाप जातो आणि बापाकडे राबणारा गडीही जातो. मुलांना घरच्या घरी धर्माचे पाठ कसे द्यावेत, असं आजही बरेच ख्रिस्ती आईबाप विचारतात, आणि त्यांना बहुतेक वेळा एखादं चित्रांचं पुस्तक नाहीतर रविवारचा वर्ग सुचवला जातो. स्वीडनच्या ल्यूथरन मंडळीने, म्हणजे ल्यूथरचं मत मानणाऱ्या चर्चने, जवळजवळ दोनशे वर्षं अख्ख्या घराची परीक्षा घेतली. ते का जमलं, बाप्तिस्म्यासारखा अवघड विषय त्यात कसा बसला आणि पुढे हीच शिकवण मंडळीच्या अंगाशी कशी आली, ते या प्रकरणात पाहू.

विटेनबर्गहून निघालेलं पुस्तक

१५२८ मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीत, जिथे ल्यूथरचं विटेनबर्ग शहर होतं, गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी सुरू झाली. मार्टिन ल्यूथर स्वतः काही गावांत फिरला आणि हादरून परतला. लोकांना दहा आज्ञा, विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचं ठरलेलं निवेदन), प्रभूची प्रार्थना यांतलं काहीच धड येत नव्हतं, आणि कित्येक पाळकांचीही तीच गत. १५२९च्या जानेवारीपासून भिंतीवर लावता येतील असे तक्ते छापले जाऊ लागले. मे महिन्यात त्यांचं पुस्तक झालं. हीच त्याची लहान प्रश्नोत्तरावली. तिच्या भागांवरचे मथळे पाहिले की तिचा पत्ता कळतो: घराच्या कर्त्याने हे आपल्या घरच्यांना साध्या रीतीने कसं शिकवावं. म्हणजे पुस्तक चर्चमधल्या व्यासपीठासाठी कमी आणि जेवणाच्या टेबलासाठी जास्त होतं.

प्रस्तावनेत ल्यूथरने शिकवण्याची रीत सांगितली आहे. शब्दांचं एकच रूप निवडा आणि वर्षानुवर्षं तेच ठेवा. आज असं आणि पुढल्या वर्षी तसं शिकवलंत तर मुलं गोंधळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. आधी शब्द पक्के करा, मग अर्थ सांगा, मग मोठ्या पुस्तकाकडे जा. अर्थ सांगतानाही घाई नको. एक आज्ञा नीट झाली की दुसरी घ्या. इथवर कुणालाही पटेल. पण त्याच प्रस्तावनेत हेही आहे की, जो शिकायलाच नकार देईल त्याला प्रभूभोजन (भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी) देऊ नये, कुणाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता (बाळाच्या धर्मशिक्षणाची हमी देणारा साक्षीदार) म्हणून उभं राहू देऊ नये, आणि आईबापांनी व मालकांनी त्याचं खाणंपिणं बंद करावं. सौम्य भाषेसाठी ल्यूथर कधीच प्रसिद्ध नव्हता.

त्याची दुसरी एक गोष्ट मात्र पुढच्या सगळ्या प्रकाराला आधार देते. मोठ्या प्रश्नोत्तरावलीला जोडलेल्या प्रस्तावनेत तो म्हणतो की, मी डॉक्टर आणि उपदेशक असूनही रोज सकाळी लहान मुलासारखा आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रार्थना शब्दशः म्हणतो, आणि मला या पुस्तकाचा विद्यार्थीच राहावं लागतं. त्याचा थोरला मुलगा हान्स तेव्हा चार वर्षांच्या आसपास होता. शिकवणारा स्वतः शिकणाऱ्यांच्या रांगेत उभा, ही कल्पना इथली आहे. तिला कायद्याची आणि वहीची जोड मिळाली ती स्वीडनमध्ये.

सॅक्सनीत ती जोड पुरेशी मिळाली नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातले जर्मन पाहणी-अहवाल तपासून अमेरिकन इतिहासकार जेराल्ड स्ट्राउस यांनी १९७०च्या दशकात असा निष्कर्ष मांडला की, दोन-तीन पिढ्यांनंतरही खेडोपाडी लोकांना फारसं काही येत नव्हतं. त्यावर इतिहासकारांत बराच वाद झाला. अहवाल लिहिणारे रडगाणं गाणारच, असंही काहींनी म्हटलं. पण एवढं मान्य करायला हरकत नाही की, ज्याला स्वतःलाच येत नाही अशा घरधन्याच्या हाती पुस्तक देऊन घर शिकत नाही.

कायदा

१५९३च्या उप्सालाच्या सभेत स्वीडनने ल्यूथरन मत अधिकृतपणे स्वीकारलं. १६२०च्या दशकात व्हेस्टेरोसचे बिशप योहान्नेस रुदबेकियस यांनी आपल्या भागात परीक्षेच्या वह्या ठेवायला लावल्या. देशभर हा शिरस्ता झाला तो अकराव्या कार्ल राजाच्या १६८६च्या चर्च कायद्याने. मुलं, गडी आणि मोलकरणी यांनी वाचायला शिकावं आणि देव आपल्या वचनात काय सांगतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, असा त्याचा रोख होता. पाळकाने घराघराची नोंद ठेवायची होती. ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरावली येत नसेल तर लग्न लागणार नव्हतं, प्रभूभोजनही मिळणार नव्हतं.

लग्नाची अट सगळ्यांत परिणामकारक ठरली असणार. देवाच्या भीतीने जे पाठ झालं नाही ते सासुरवाडीच्या ओढीने झालं असेल!

१६८९ मध्ये आर्चबिशप ओलोव्ह स्वेबिलियस यांनी ल्यूथरच्या पुस्तकाचं प्रश्नोत्तरी स्पष्टीकरण काढलं आणि ते सव्वाशे वर्षं घराघरांत घोकलं गेलं. १७२३च्या राजाज्ञेने आईबापांवर मुलांना वाचन आणि प्रश्नोत्तरं शिकवण्याची जबाबदारी स्पष्टपणे टाकली. हयगय करणाऱ्याला दंड, आणि दंडाचे पैसे गावातल्या गरीब मुलांच्या शिक्षणाला. ही शेवटची तरतूद मला फार शहाणपणाची वाटते.

हिवाळा आणि वाचन

शाळा बहुतेक खेड्यांत नव्हतीच. शिकवायचं ते आईने, आजीने, कधी थोरल्या बहिणीने, आणि मुख्यतः शेतं बर्फाखाली असताना. जिथे घरात कुणाला येत नसे तिथे चर्चचा कारकून किंवा गावातलं एखादं वाचता येणारं म्हातारं माणूस थोड्या मोबदल्यावर शिकवी. हाती असे ते अक्षरांचं छोटं पुस्तक. त्यात अक्षरांमागोमाग प्रभूची प्रार्थना, आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रश्नोत्तरांचे भाग. मूल लाकडाच्या काडीने अक्षर दाखवत जाई आणि मोठ्याने जुळवत जाई.

आपल्याकडे दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा म्हणायची, पाढे पावकी-निमकीसकट. तसाच काहीसा हा प्रकार. फरक इतका की, इथे पाठ असलेला मजकूर आणि वाचायचा मजकूर एकच होता. मुलाला प्रभूची प्रार्थना आधीच तोंडपाठ असायची, त्यामुळे पानावर पुढचा शब्द कोणता येणार हे त्याला माहीत असे आणि अक्षर ओळखणं सोपं जाई. याचा तोटाही उघड आहे. पोरगं खरंच वाचतंय की आठवून म्हणतंय, हे कळायचं कसं? वहीत वाचनाचा आणि पाठांतराचा रकाना वेगळा होता तो याचसाठी. लिहायला मात्र कुणी शिकवत नव्हतं. वाचता येणारा पण स्वतःची सही करता न येणारा शेतकरी तिथे सर्रास सापडे.

चार प्रश्न

प्रश्नोत्तरावलीत आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रार्थना यांच्यानंतर चौथा भाग बाप्तिस्म्याचा. पहिले तीन भाग मुलांना तुलनेने सहज कळतात. चोरी करू नको, देवाने जग निर्माण केलं, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. बाप्तिस्म्याचं काय सांगणार? मूल स्वतः बाप्तिस्मा घेतलेलं, पण त्याला त्यातलं काहीही आठवत नाही. अवघ्या काही दिवसांचं असताना ते उरकलेलं आहे. ज्या गोष्टीची आठवण नाही तिचा अर्थ सांगणं, ही घरी शिकवणाऱ्याची खरी पंचाईत.

ल्यूथर चार प्रश्नांत ती सोडवतो. पहिला: बाप्तिस्मा म्हणजे काय? उत्तराचा आशय असा की, ते नुसतं पाणी नाही; देवाच्या आज्ञेत धरलेलं आणि देवाच्या वचनाशी जोडलेलं पाणी आहे. लगेच वचन कोणतं तेही येतं: मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशूने शिष्यांना दिलेली आज्ञा. दुसरा: त्याने काय मिळतं? पापांची क्षमा, मरण आणि सैतान यांच्यापासून सुटका, आणि विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक तारण. तिसरा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण तो एखाद्या चिकित्सक पोराने विचारावा तसाच आहे: पाणी एवढं मोठं काम कसं करील? उत्तर असं की, काम पाणी करतच नाही. पाण्यासोबत आणि पाण्यात असलेलं देवाचं वचन ते करतं, आणि त्या वचनावर भरवसा टाकणारा विश्वास करतो. वचन नसेल तर ते साधं पाणी, बाप्तिस्मा नव्हे. चौथा: अशा बाप्तिस्म्याने काय दर्शवलं जातं? आपल्यातला जुना आदाम, म्हणजे आपला पापी स्वभाव, रोजच्या पश्चात्तापाने बुडून मरावा आणि रोज नवा माणूस वर यावा. आधार रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचा.

या चौथ्या उत्तरातला 'रोज' हा शब्द घरच्या शिकवणीचा खरा खिळा. आठवणीत नसलेला एक दिवस त्याने आजच्या सकाळशी बांधून टाकला. त्याच पुस्तकात सकाळच्या प्रार्थनेची रीतही दिली आहे: उठल्यावर स्वतःवर क्रुसाची खूण करायची आणि 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने' असं म्हणायचं. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळावर म्हटलेले तेच शब्द. सहा वर्षांच्या मुलाला जुना आदाम कोण ते सांगून कळणार नाही. पण काल भावंडाशी भांडलो, त्याची माफी मागितली आणि आज कोऱ्या पाटीने सुरुवात, हे त्याला कळतं. घरात वेगवेगळ्या वयाची माणसं असताना एकाच उत्तरात आजोबांना पुरेल इतकं आणि नातवाला झेपेल इतकं, दोन्ही असणं ही थोडी बाब नाही.

तरी स्वीडनच्या वाड्यांवर बाप्तिस्म्याचा भाग पक्का असण्याला दुसरं, फार कठोर कारण होतं. कायद्याने बाळाचा बाप्तिस्मा जन्मापासून आठ दिवसांत व्हायला हवा होता. स्वीडनने १७४९ पासून पाळकांच्या नोंदींवरून लोकसंख्येचे तक्ते ठेवायला सुरुवात केली. त्यांवरून दिसतं की, अठराव्या शतकाच्या मध्याला जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे २०० बाळं वर्षाच्या आतच जात. चर्च कित्येक मैल दूर, मधे बर्फ, आणि बाळ रात्रीतून निळं पडू लागलेलं. अशा वेळी पाळकाची वाट न पाहता घरातल्या किंवा शेजारच्या कुणीही देवभीरू माणसाने बाप्तिस्मा द्यायचा, अशी मुभा होती. बहुधा हे काम सुईणीवर किंवा हजर असलेल्या बाईवर येई.

आता पहिला आणि तिसरा प्रश्न पुन्हा वाचा. पाणी आणि वचन, दोन्ही हवीत. बाळ जगलं तर ते पुढे चर्चमध्ये नेलं जाई आणि पाळक साक्षीदारांना विचारी: बाप्तिस्मा कुणी दिला, कशाने दिला, कोणते शब्द उच्चारले? उत्तरं बरोबर असतील तर बाप्तिस्मा पुन्हा दिला जात नसे, झालेलाच ग्राह्य धरला जाई. म्हणजे अकरा-बारा वर्षांची मुलगी जी उत्तरं घोकत होती ती पुढे तिलाच एखाद्या रात्री, थरथरत्या हाताने, आपल्या नाहीतर शेजारणीच्या बाळावर वापरावी लागण्याची शक्यता होती. आजच्या मुलांना आपण जे काही पाठ करायला लावतो त्यातलं किती असं उपयोगी पडणार असतं?

आणखी एक तपशील इथे नोंदवण्यासारखा. बाळंतीण साधारण चाळीस दिवस चर्चमध्ये जात नसे. तोवर तिचा विधिपूर्वक स्वीकार झालेला नसे. त्यामुळे आठ दिवसांत उरकणाऱ्या बाप्तिस्म्याला आई बहुधा हजरच नसे, बाळाला धर्ममाता घेऊन जाई. जी आई पुढे हिवाळ्यात मुलाला बाप्तिस्म्याचा अर्थ शिकवी तिने त्याचा बाप्तिस्मा पाहिलेला नसायचा. तिलाही तो शब्दांतूनच माहीत होता.

परीक्षेचा दिवस

गावाचे परीक्षेसाठी भाग पाडलेले असत आणि दर वर्षी प्रत्येक भागात एका घरी परीक्षा भरे; यजमानपण आळीपाळीने फिरे. पाळक वही घेऊन येई. खोलीत बाकांवर सगळी घरं बसलेली, घरधन्यापासून शेळ्या वळणाऱ्या पोरापर्यंत. नाव पुकारलं की पुढे यायचं, दाखवलेलं पान वाचायचं, विचारलेला भाग म्हणायचा. ल्यूथरच्या पुस्तकात शेवटी घरातल्या प्रत्येकाच्या कर्तव्यांची वचनं आहेत, नवऱ्याची, बायकोची, मुलांची, नोकरांची, मालकांची. तीही विचारली जात. सगळं आटोपल्यावर यजमानाकडे जेवण. पुढे या जेवणावळींचं प्रस्थ इतकं वाढलं की, परीक्षेपेक्षा पंगतीचीच तयारी जास्त होऊ लागली.

कल्पना करा: दबदब्याच्या बापाला चारचौघांत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आठवत नाही, आणि त्याच्या दहा वर्षांच्या मुलीला ते खडाखड येतं. ही नामुष्की होती, पण घराच्या दृष्टीने फायद्याचीही. बाप आदल्या आठवड्यात मुलीलाच म्हणायला लावून स्वतःची उजळणी करणार. शिकवणं आणि शिकणं एकाच टेबलावर येतं ते असं. मुलांना वर्गात पाठवून स्वतः बाहेर गाडीत बसून राहणाऱ्या पालकांना ही सोय नाही.

याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. ती परीक्षा होती आणि तिच्यामागे राजा होता. कर्तव्यांच्या वचनांतून गड्याला दरवर्षी मालकाची आज्ञा पाळायला सांगितलं जाई, आणि ऐकवणाऱ्या पाळकाच्या शेजारी तो मालक बसलेला असे. ज्याच्या जिभेला जडपणा आहे, ज्याची स्मरणशक्ती बेताची आहे, त्याला दर हिवाळ्यात सगळ्या गावासमोर उभं राहावं लागे. वहीतली खूण तो मरेपर्यंत त्याच्या नावासमोर राही.

किती उतरलं

उमिओ विद्यापीठातले इतिहासकार एगिल योहान्सन यांनी या वह्यांवर आयुष्य घालवलं. त्यांच्या कामातून जे चित्र उभं राहिलं ते युरोपात विरळा होतं: अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वीडनच्या बऱ्याच भागांत शाळांशिवाय बहुतेक प्रौढांना वाचता येऊ लागलं होतं, आणि त्यात बायका पुरुषांच्या मागे नव्हत्या. आई वाचती असली की मुलं वाचती होतात, हे घरच्या शिकवणीत ओघानेच आलं.

समजेचं मात्र तसं नाही. जिथे समजेचा रकाना आहे तिथे त्यातल्या खुणा पाठांतराच्या खुणांपेक्षा फिक्या असणं नवलाचं नाही. स्वेबिलियसचं स्पष्टीकरण पाल्हाळिक होतं आणि मुलं ते पोपटासारखं म्हणत. माझ्या मते चूक ल्यूथरच्या पुस्तकात नव्हती, त्यावर चढवलेल्या थरात होती. चार छोटी उत्तरं पाठ असली तर माणूस त्यांवर आयुष्यभर विचार करू शकतो. त्यांच्यावर डझनावारी उत्तरं लादली की विचाराला जागाच उरत नाही. घरी शिकवू पाहणाऱ्यांना मी तरी एवढंच सुचवीन: ल्यूथरचे चार प्रश्न जसेच्या तसे, एकाच शब्दरूपात, सगळ्यांनी मिळून, मोठ्यांची पाळी आधी. मुलाच्या बाप्तिस्म्याची तारीख शोधून काढा आणि वाढदिवसासारखी पाळा. धर्ममाता-धर्मपित्यांना त्या दिवशी जेवायला बोलवा, त्यांना त्यांनी दिलेलं वचन मुलासमोर आठवू द्या. स्पष्टीकरणाचं पुस्तक पुढे कधीतरी.

'वाचणारे'

लोक स्वतः वाचू लागले की पाळकाचं काम सोपं होईल, असं १६८६ मध्ये वाटलं असेल. झालं उलटंच. १७२६ मध्येच सरकारला वटहुकूम काढून घराबाहेरच्या खासगी धार्मिक बैठकांवर बंदी घालावी लागली. घरच्या माणसांची प्रार्थना चालेल, शेजारी जमवून वचनावर चर्चा चालणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर स्वीडनमध्ये ज्यांना लोक 'वाचणारे' म्हणत अशी कुटुंबं पुढे आली. ती एकत्र बसून ल्यूथरचे ग्रंथ वाचत आणि पाळकाचा उपदेश त्यांच्याशी ताडून पाहत.

त्याच सुमारास चर्चने नवी पुस्तकं आणली. १८१० मध्ये नवी प्रश्नोत्तरावली, १८११ मध्ये विधींचं नवं पुस्तक, १८१९ मध्ये नवं गीतपुस्तक. नव्या विचारांच्या बिशपांना जुनी भाषा रांगडी वाटत होती. बाप्तिस्म्याच्या विधीतही त्यांनी बदल केले. उत्तरेकडच्या या कुटुंबांनी ते ओळखलं. कारण घरी पिढ्यानपिढ्या पाठ केलेल्या शब्दांशी नवे शब्द जुळत नव्हते. त्यांनी नवी पुस्तकं नाकारली, आणि काहींनी पुढे पाळकाकडे न नेता मुलांचे बाप्तिस्मे स्वतःच दिले. अधिकाऱ्यांनी खटले भरले, दंड केले. पण त्यांच्याशी वाद घालणं अवघड होतं. पाणी आणि वचन असेल तर बाप्तिस्मा होतो, हे त्यांना दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं. दरवर्षी वही घेऊन येणाऱ्या पाळकानेच ते त्यांच्याकडून म्हणवून घेतलं होतं.

चर्चच्या दृष्टीने ही बंडखोरी होती. मी तिला त्या दोनशे वर्षांच्या शिकवणीचं प्रशस्तिपत्र समजतो. ज्यांना नुसतं घोकायला शिकवलं होतं त्यांना फरक कळलाच नसता.

बैठकांवरची बंदी १८५८ मध्ये उठली. त्याच्या दोन वर्षं आधी या जागृतीच्या वातावरणातून एक स्वीडिश मिशन संस्था उभी राहिली आणि १८७०च्या दशकाच्या अखेरीस तिची माणसं भारतात, मध्य प्रांतात आली. आजची मध्य प्रदेशातली ल्यूथरन मंडळी तिच्यातूनच घडली. तिचं मुख्य ठाणं छिंदवाड्याला, म्हणजे नागपूरच्या शेजारी. ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरावली भारतात मात्र त्याच्या बरीच आधी पोचली होती: १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला उतरलेल्या जर्मन मिशनरी बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग यांनी ती तमिळमध्ये आणली होती.

वही मिटल्यावर

१८४२च्या कायद्याने प्रत्येक गावमंडळीला शाळा उघडणं बंधनकारक झालं. मुलं शिक्षकाकडे जाऊ लागली आणि प्रश्नोत्तरावलीही त्यांच्याबरोबर शाळेत गेली. घराघरांतल्या परीक्षा हळूहळू ओसरल्या; १८९५ पासून परीक्षेच्या वहीची जागा मंडळीच्या साध्या नोंदवहीने घेतली. १९१९च्या अभ्यासक्रमाने शाळेतूनही ल्यूथरची प्रश्नोत्तरावली काढून टाकली. तोपर्यंत आईबाप शिकवायचं विसरले होते, त्यामुळे शाळेने सोडलेलं घराने उचललं नाही. जुन्या वह्या आता मुख्यतः पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांच्या कामी येतात. त्यांत अमेरिकेला गेलेल्या स्वीडिश कुटुंबांचे वंशज बरेच.

१९९५ पर्यंत सभासद आईबापांचं मूल जन्मतःच स्वीडिश चर्चचं सभासद धरलं जाई. १९९६ पासून त्यासाठी बाप्तिस्मा हवा. आता तिथे जन्मणाऱ्या निम्म्याहून कमी बाळांना तो दिला जातो, आणि काही मुलं चौदा-पंधराव्या वर्षी दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यातला विश्वास स्वतः पक्का करण्याच्या विधीच्या) वर्गाला आल्यावर स्वतःहून तो घेतात. बाप्तिस्मा म्हणजे काय हे अशी मुलं घरी जाऊन आईबापांना सांगतात.